प्रवासात माणूस आजारी पडलं तर आधी कुठं जायचं?

आज आम्ही जे सांगणार आहोत त्यात आमचीच एक चूक आहे. तिथूनच सुरुवात करू.

आमच्या गटातल्या सातजणी दिवाळीच्या स्टॉलसाठी कापड आणायला उल्हासनगरला गेलो होतो. एकीच्या सासूबाईही हौसेने सोबत आल्या. खरेदी झाली, कर्जत लोकल मिळाली, बसायला जागाही मिळाली. गाडी अंबरनाथला यायच्या आत सासूबाईंच्या हातातली पाण्याची बाटली निसटली. उचलायला गेल्या तर उजवा हात वरच येईना. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं, बोलणं जड झालं. आम्ही काय म्हणालो? "ऊन लागलं असेल, सकाळपासून पोटात काही नाही." कुणी तोंडात पाणी घातलं, कुणी पिशवीतला कांदा फोडून नाकाला लावला. आणि सगळ्यांचं एकमत झालं, घराकडे चला.

कुळगावला, म्हणजे बदलापूर स्टेशनला उतरलो. त्यांना दोन्ही बाजूंनी धरून पुलाचा जिना चढवला. ओळखीच्या दवाखान्यात नेलं, तिथं नंबर लावून चाळीस मिनिटं बसलो. डॉक्टरांनी बघताच मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. पुढच्या ठिकाणी आधी पैसे भरा म्हणाले. आमच्याकडे कापडाच्या पिशव्या होत्या, पैसे नव्हते. शेवटी १०८ ला फोन केला तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई वाचल्या. पण उजव्या हाताने त्यांना आज भाकरी थापता येत नाही.

त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेही आधी डोक्याचं सीटी स्कॅन करून, कारण झटका रक्तस्रावाने आला असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरतं. म्हणजे जिथं स्कॅन नाही तिथं जाऊन नुसता वेळ जातो. आम्ही पाच तासांहून जास्त घालवले. आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली तेव्हा फार लागली. जिल्ह्याच्या या भागातलं मोठं सरकारी रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, आमच्या पाठीमागेच होतं. आम्ही गाडीत बसून त्याच्यापासून लांब लांब जात होतो.

आजारी माणसाला घेऊन घराकडे धावायची आपली सवय जुनी आहे. घरी चार माणसं असतात, पैसे असतात, धीर येतो. पण घरी स्कॅनचं यंत्र नसतं. म्हणून माणूस जिथं आजारी पडलं तिथून जवळचं मोठं रुग्णालय कुठलं, हा पहिला प्रश्न. आपल्या भागापुरतं सांगायचं तर बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय, उल्हासनगरला मध्यवर्ती, त्यापुढे कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. एवढी नावं तोंडपाठ असू द्या. अनोळखी गावात असाल तर मात्र स्वतः शोधत फिरू नका, १०८ ला विचारा.

ही १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. फोन फुकट, गाडी फुकट, आणि गाडीत डॉक्टर असतो. फोनवर घाबरून "लवकर या, लवकर या" म्हणत राहिलो तर त्यांना काहीच कळत नाही. कुठं आहात ते आधी सांगा. स्टेशन असेल तर कुठली बाजू, पूर्व की पश्चिम. रस्ता असेल तर जवळचं देऊळ, पेट्रोलपंप किंवा किलोमीटरचा दगड. मग काय झालंय आणि किती वाजता सुरू झालं. ती वेळ फार महत्त्वाची, घड्याळात बघून ठेवा. शेवटी सरळ विचारा, "या आजाराची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं?" बाळंतपणासाठी आणि वर्षाच्या आतल्या बाळासाठी १०२ ची गाडी असते. काहीच आठवलं नाही तर ११२ लावा.

रेल्वेत असाल तर १३९ हा नंबर. लांबच्या गाडीत डब्याचा आणि सीटचा नंबर सांगायचा, टीसीलाही सांगायचं, म्हणजे पुढच्या मोठ्या स्टेशनवर डॉक्टर बघायला येऊ शकतो. साखळी ओढायची घाई करू नका. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी थांबली तर रुग्णवाहिका येणार कुठून? पुढच्या स्टेशनात उतरलेलं बरं. तिथं स्टेशन मास्तरांकडे स्ट्रेचर मागा. मुंबईच्या उपनगरी स्टेशनांपैकी काहींवर आपत्कालीन वैद्यकीय कक्षही आहेत. छातीत दुखणाऱ्या माणसाला जिना चढवणं म्हणजे आधीच दमलेल्या हृदयाला ओझं उचलायला लावणं. आम्ही झटका आलेल्या बाईला चढवलं, तेही तितकंच चूक.

आणि गाडीच अडकली तर? आपल्या उंबरठ्यावरच घडलेली गोष्ट आहे. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत हजारावर प्रवासी, त्यांत नऊ गरोदर बाया. बाहेर अंधार आणि पाणी. रेल्वेने सांगितलं, खाली उतरू नका, गाडीच सर्वांत सुरक्षित आहे. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची पथकं आली, आजूबाजूचे गावकरी मदतीला धावले. दुपारपर्यंत सगळे बाहेर निघाले. बदलापूरच्या एका मंगल कार्यालयात त्यांची सोय केली होती आणि ३७ डॉक्टर तयार ठेवले होते, त्यांत स्त्रीरोगतज्ज्ञही होते. अशा वेळी आपल्या डब्यात कुणाला दिवस गेलेत, कुणाला साखरेचा आजार आहे, हे मदतीला आलेल्या पहिल्या माणसाला सांगायला हवं. बाया संकोचाने गप्प बसतात. तिथं संकोच करायचा नसतो.

आता पैशाचं. "आधी डिपॉझिट भरा" म्हटल्यावर आम्ही मान खाली घालून परत फिरलो, कारण आम्हाला माहीतच नव्हतं. जीव धोक्यात असलेल्या माणसाला तातडीचे उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, सरकारी असो की खाजगी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय. १९९२ मध्ये बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला घेतलं नाही. कुठं खाट नाही, कुठं सोय नाही. अखेर खाजगीत उपचार घ्यावे लागले. त्याच्या संघटनेने दावा लावला आणि १९९६ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. खाट नाही हे कारण चालणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. तुमच्याआमच्यासारख्याच मजुरांच्या संघटनेच्या नावावर हा निकाल आहे, म्हणून तो आम्हाला जवळचा वाटतो.

आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात, आणि तातडीचा रुग्ण लगेच दाखल करून घ्यावा लागतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला गाठा. तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेता येते, रेशनकार्ड घरून कुणीतरी नंतर आणून दिलं तरी चालतं. नाही म्हणणाऱ्याशी भांडत बसू नका, त्यात वेळ जातो. "आधी तपासा, नाही म्हणायचं तर लिहून द्या," एवढंच शांतपणे म्हणा. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा आतून डॉक्टर बाहेर येतात.

रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचं, तेही थोडक्यात. शुद्ध हरपलेल्या किंवा गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. फिट आली तर कुशीवर वळवा, दातांत चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. साखरेच्या आजाराचं माणूस घामाघूम होऊन थरथरू लागलं आणि शुद्धीवर असेल तर साखर किंवा गूळ द्या. आणि तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी एकाएकी दिसलं तरी लगेच फोन.

डॉक्टरांनी त्या दिवशी आम्हाला विचारलं होतं, "यांना कुठल्या गोळ्या चालू आहेत?" सुनेला आठवेना. "पांढरी, बारीक" एवढंच. रक्तदाबाची गोळी महिनाभर बंद होती हेही दोन दिवसांनी कळलं. मोबाईलची बॅटरी संपते, म्हणून आम्ही आता कागदच ठेवतो. नाव, वय, आजार, गोळीचं पाकिटावरचं नाव, कशाची ॲलर्जी, आणि घरच्या दोघांचे नंबर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बटव्यात. गेल्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर सगळ्याजणींनी बसून आपापल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. सासूबाईंची चिठ्ठी सुनेने लिहिली, गोळीचं नाव पाकिटावरून एकेक अक्षर बघून. खाली सही मात्र सासूबाईंनी स्वतःच केली, डाव्या हाताने.