अँटिबायोटिक? आपोआप नाही हं!

बालमित्रांनो, सर्दीबद्दल आपल्याकडे गमतीनं म्हणतात, औषध घेतलं तर ती सात दिवसांत बरी होते आणि नाही घेतलं तर एका आठवड्यात! हसू आलं ना? पण या विनोदात खरं विज्ञान आहे, बरं का! हेच विज्ञान साऱ्या देशाला पटवून देण्यासाठी फ्रान्समध्ये २००२ साली एक मोठी मोहीम सुरू झाली.

ती समजून घेण्याआधी थोडी जंतूंची ओळख करून घेऊ. जीवाणू म्हणजे बॅक्टेरिया आणि विषाणू म्हणजे व्हायरस. दोघंही आपल्याला आजारी पाडतात, पण दोघांची जात अगदी वेगळी. अँटिबायोटिक औषधं जीवाणूंना मारतात किंवा त्यांची वाढ थांबवतात. विषाणूंवर मात्र त्यांची मात्रा चालत नाही. कपाटाची किल्ली सायकलच्या कुलपात कितीही फिरवली, तरी ते उघडेल का? साधी सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. म्हणजे तिथं ही किल्ली कामाचीच नाही!

"पण घेतली एखादी गोळी, तर बिघडलं कुठं?" असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं. आपल्या शरीरात कोट्यवधी जीवाणू राहतात, त्यांतले कितीतरी उपयोगी असतात. अँटिबायोटिक घेतलं की त्यातले नाजूक जीवाणू मरतात, पण थोडे चिवट उरतात. काही जीवाणू तर अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. मग चिवटांचीच फौज तयार होते. उद्या न्युमोनियासारखा खरा मोठा आजार झाला, तर तेच औषध निकामी ठरू शकतं. पुष्कळांना वाटतं, आपल्या शरीराला औषधाची सवय होते. पण तसं नाही. औषधाला दाद न देण्याची युक्ती जंतू शिकतात आणि ते जंतू एकाकडून दुसऱ्याकडेही जातात!

आता फ्रान्सकडे वळू. तेव्हा युरोपात सर्वांत जास्त अँटिबायोटिक्स खाणाऱ्या देशांत फ्रान्स होता. हिवाळा आला, मुलं शिंकू लागली, की आई-बाबा औषध मागत. तिथल्या आरोग्य विमा संस्थेनं मग एक घोषवाक्य काढलं. त्याचा अर्थ, 'अँटिबायोटिक म्हणजे आपोआप नव्हे!' फ्रेंचमध्ये 'अँतिबिओतिक' आणि 'ओतोमातिक' यांचं छान यमक जुळतं. दर हिवाळ्यात टीव्हीवर, रेडिओवर हे वाक्य ऐकू येऊ लागलं आणि पोरासोरांच्या तोंडी बसलं. घसादुखी जीवाणूंमुळे आहे का, हे दवाखान्यातच चटकन पाहता यावं, म्हणून डॉक्टरांना तपासणीचं साहित्यही फुकट मिळालं.

आणि काय झालं? पाच वर्षांत माणशी अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाल्या. सर्वांत मोठी घट कुणात होती, सांगा पाहू? ६ ते १५ वर्षांच्या मुलांत, म्हणजे तुमच्याच वयाच्या! ती होती जवळजवळ ३६ टक्के. पुढं वापर पुन्हा थोडा वाढला, तेव्हा २०१० साली नवं घोषवाक्य आलं. चुकीच्या वेळी वापरली तर ही औषधं दुबळी होतील, असं ते बजावत होतं. चांगली सवय एकदा सांगून भागत नाही, हेच खरं.

आपल्या देशातही २०१६ साली लाल रेघेची मोहीम झाली. गोळ्यांच्या पाकिटावर एका कडेनं उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. अशी रेघ अँटिबायोटिकवर असते, तशी इतरही काही औषधांवर असते. केरळ राज्यानं तर २०२४ साली चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांच्या अचानक तपासण्या सुरू केल्या.

वर्गात हा विषय निघाला, तेव्हा एकीनं विचारलं, "बाई, मागच्या वेळचं उरलेलं औषध चालेल का? ताईलाही तेच दिलं होतं." प्रश्न फार मोलाचा आहे. उत्तर आहे, नाही! ताईचा आजार वेगळा, तिचं वजन वेगळं, म्हणून औषधाचं प्रमाणही वेगळं. शिवाय भुकटीत पाणी घालून तयार केलेलं पातळ औषध थोडेच दिवस टिकतं.

पण म्हणून अँटिबायोटिकला घाबरायचं नाही हं! टायफॉइडसारख्या आजारात ते जीव वाचवतं. डॉक्टरांनी दिलं, तर सांगितलेल्या वेळी, सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं थांबवायचं नाही.

पालकांनाही एक विनंती. ताप उतरत नसेल, मुलाला धाप लागत असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. पण तिथं "स्ट्राँग औषध द्या" असा आग्रहही नको. त्याऐवजी विचारा, "याला अँटिबायोटिकची गरज आहे का?"

आणि मुलांनो, आज आई-बाबांबरोबर बसून घरातला औषधांचा डबा उघडा. किती पाकिटांवर लाल रेघ दिसते, ते मोजा. गोळी मात्र एकही काढायची नाही!