गाळ्यातला मळा

शिकागोच्या उत्तर टोकाला रॉजर्स पार्क नावाची वस्ती आहे. १९९३ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका रिकाम्या दुकानाच्या गाळ्यात भाजी पिकत होती. माती नव्हती. खेळत्या पाण्यावर केल, मोहरीचा पाला, स्विस चार्ड आणि काही औषधी वनस्पती वाढत होत्या. माती टाळण्याचं कारण साधं होतं. ही भाजी एचआयव्ही आणि एड्सच्या रुग्णांसाठी होती, आणि मातीतले जंतू त्यांच्या खचलेल्या शरीराला सोसले नसते. रोग आटोक्यात ठेवणारी संयुक्त औषधं यायला अजून तीन वर्षं होती. त्या काळात रुग्णाला घरचे लोकही हात लावायला कचरत, आणि इथे वस्तीतली माणसं येऊन रोपांना पाणी देत होती, पानं खुडत होती, एकत्र जेवत होती.

हा मळा ‘हाहा’ नावाच्या चार कलावंतांच्या गटाने लावला होता. त्याचं नाव ‘फ्लड’, म्हणजे पूर. एका कलाप्रदर्शनातली ती एक कलाकृती होती. प्रदर्शनाचं नाव ‘कल्चर इन अ‍ॅक्शन’ आणि त्याच्या क्युरेटर मेरी जेन जेकब. त्याला आता तीन दशकं उलटून गेली. वस्तीत जाऊन कला करण्याची भाषा आज प्रत्येक द्वैवार्षिकीच्या निवेदनात असते, म्हणून त्या उन्हाळ्याकडे मागे वळून पाहावंसं वाटतं. जेकब यांनी जे करून पाहिलं त्यातलं काय टिकलं, आणि का?

जेकब संग्रहालयातल्याच. ऐंशीच्या दशकात शिकागोच्या आणि नंतर लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयात त्या मुख्य क्युरेटर होत्या. मॅग्दालेना अबाकानोविच, गॉर्डन मॅटा-क्लार्क यांची मोठी प्रदर्शनं त्यांनी उभी केली. अशा पदावर असलेला माणूस सहसा त्याहून मोठ्या संग्रहालयात जातो. जेकब १९९० च्या सुमारास बाहेर पडल्या आणि स्वतंत्रपणे काम करू लागल्या. स्वतंत्र क्युरेटर म्हणजे हाताशी इमारत नाही, संग्रह नाही, रोज दारातून आत येणारा प्रेक्षकही नाही. जागा शोधायची, पैसे उभे करायचे, परवानग्या मिळवायच्या आणि कलावंताला त्या जागेशी बोलतं करायचं. भिंतीच नसल्या की कलाकृती कुठे लावायची हा प्रश्न मागे पडतो, आणि ती कोणासाठी हा प्रश्न पुढे येतो.

त्याचं पहिलं मोठं उत्तर १९९१ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात मिळालं. तिथल्या स्पोलेटो महोत्सवात जेकब यांनी ‘प्लेसेस विथ अ पास्ट’ हे प्रदर्शन मांडलं. महोत्सवाचे संस्थापक, संगीतकार जान कार्लो मेनोत्ती यांचा त्याला उघड विरोध होता. चार्ल्स्टन म्हणजे गुलामांच्या व्यापाराचं बंदर, तांदळाच्या आणि निळीच्या मळ्यांवर श्रीमंत झालेलं शहर. अ‍ॅन हॅमिल्टन यांनी पिंकनी रस्त्यावरच्या एका जुन्या गॅरेजात कामगारांच्या हजारो निळ्या कपड्यांच्या घड्या घालून त्यांचा ढीग रचला. एलायझा लुकस पिंकनी या बाईने त्या भागात निळीचं पीक रुजवलं, रस्त्याचं नाव त्या घराण्याचं. ढिगामागे टेबलापाशी एक माणूस बसून पुस्तकातली छापील अक्षरं थुंकी आणि खोडरबराने पुसत असे. निळीच्या नोंदी मालकांच्या वह्यांत राहिल्या. ज्यांचे हात निळे झाले त्यांच्या कुठेच राहिल्या नाहीत. चंपारणची नीळ आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे हे काम आपल्याला परकं वाटत नाही.

मला मात्र त्या प्रदर्शनातलं डेव्हिड हॅमन्स यांचं काम अधिक महत्त्वाचं वाटतं. त्यांनी शहराच्या पूर्वेकडच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, अमेरिका स्ट्रीटवर, तिथल्याच एका बांधकाम व्यावसायिकाला हाताशी धरून एक अगदी अरुंद लाकडी घर बांधलं. ‘हाउस ऑफ द फ्यूचर’. घराच्या निरनिराळ्या भागांवर बांधकामातली त्यांची नावं लिहिली, म्हणजे वस्तीतल्या पोरांना घर कसं बांधतात ते बघून शिकता यावं. शेजारच्या जाहिरातीच्या फलकावर त्याच वस्तीतल्या मुलांचं छायाचित्र लागलं. महोत्सव संपला, कपड्यांचा ढीग उचलला गेला, पण ते घर राहिलं.

दोन वर्षांनी शिकागोत जेकब आणखी पुढे गेल्या. ‘स्कल्प्चर शिकागो’ ही संस्था तोवर उघड्यावर, लोकांच्या नजरेसमोर शिल्पं घडवून घेत असे. जेकब यांनी शिल्पच बाजूला सारलं. आठ प्रकल्प, आणि प्रत्येकात कलावंताचा जोडीदार कलाक्षेत्राबाहेरचा. मार्क डिऑन यांनी शाळकरी मुलांचा पर्यावरण गट बांधला. ग्रेनन आणि स्पेरांडिओ या जोडीने मिठाई कामगारांच्या संघटनेतल्या लोकांना त्यांच्या मनातलं चॉकलेट बनवायला सांगितलं, आणि त्या चॉकलेटच्या वेष्टनावर कामगारांचेच फोटो छापले. सुझॅन लेसी यांनी एका रात्रीत शहराच्या मध्यभागी चुनखडीचे शंभर दगड आणून ठेवले. प्रत्येक दगडावर शिकागोतल्या एका स्त्रीच्या नावाची पाटी होती. त्यांतल्या दहा जुन्या काळातल्या, नव्वद हयात. पुरुषांचे पुतळे चौकाचौकात असलेल्या शहरात स्त्रीचं स्मारक शोधावं लागत होतं. सकाळी कामावर निघालेल्या लोकांना दगडांना वळसा घालून जावं लागलं, हे मला फार आवडतं.

आणि वेस्ट टाउन. इनिगो मांग्लानो-ओवाये त्याच वस्तीत राहत होते. तिथल्या लॅटिनो मुलांच्या हाती त्यांनी व्हिडिओ कॅमेरा दिला. टोळ्यांच्या मारामाऱ्यांमुळे मुलांना दोन गल्ल्या पलीकडे जाता येत नव्हतं, पण त्यांनी केलेल्या फिती जाऊ शकत होत्या. ऑगस्टअखेरीस एका संध्याकाळी इरी स्ट्रीटवर जत्रा भरली. सुमारे ७५ टीव्ही संच रस्त्यावर, ओट्यांवर, मोकळ्या जागेत मांडले गेले, आणि त्यांना वीज पुरवली गल्लीतल्या घरांनी. गणपतीच्या मांडवासाठी शेजारच्या खिडकीतून वायर ओढलेली ज्याने पाहिली आहे, त्याला त्या विजेचा अर्थ सांगायला नको. वीज देणारं घर म्हणत होतं, हे आमचं आहे.

टीका झाली, आणि ती योग्य ठिकाणी बोट ठेवणारी होती. न्यूयॉर्क टाइम्समध्ये मायकल किमेलमन यांनी चॉकलेटच्या वडीकडे बोट दाखवून हिला कला का म्हणायचं असं विचारलं. हा प्रश्न मला फार अडचणीचा वाटत नाही. खरी अडचण मिवॉन क्वॉन यांनी २००२ च्या ‘वन प्लेस आफ्टर अनदर’ या पुस्तकात मांडली. ‘समुदाय’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, पण तो समुदाय आधीच तिथे होता की प्रदर्शनाच्या गरजेपोटी घडवला गेला? शंभर दगडांमागे ‘सगळ्या स्त्रिया’ नावाची जी एकी गृहीत धरली होती, ती खरोखर कुठे होती? दुभाषी म्हणून संस्था आणि क्युरेटर मध्ये उभे असतात, मग वस्ती बोलली की वस्तीच्या वतीने कोणी बोललं? कलाजगतातल्या पाहुण्यांना बसमधून वस्त्यावस्त्यांतून फिरवलं गेलं, त्या बसच्या काचेआडून दिसणारी माणसं त्या वेळी यजमान होती की प्रदर्शनीय वस्तू? जेकब यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, तरी त्या बसचं समर्थन माझ्याच्याने होत नाही.

काय टिकलं ते पाहिलं की उत्तराचा एक धागा हाती येतो. चॉकलेट खाऊन संपलं, दगड हलवले गेले. मळा मात्र प्रदर्शन संपल्यावरही १९९५ पर्यंत चालू राहिला. इरी स्ट्रीटच्या मुलांच्या व्हिडिओ गटातून ‘स्ट्रीट-लेव्हल यूथ मीडिया’ ही संस्था उभी राहिली आणि पुढची कित्येक वर्षं शिकागोतल्या पोरांना कॅमेरा शिकवत राहिली. या दोन्ही कामांत कलावंत बाहेरून बोलावलेला नव्हता. हाहाची मंडळी शिकागोचीच, मांग्लानो-ओवाये तर त्याच वस्तीतले. ते पाहुणे नव्हते, त्यामुळे त्यांना निरोप घ्यावा लागला नाही. जेकब यांच्या ते लक्षात आलं असावं असं त्यांच्या पुढच्या वाटचालीवरून वाटतं. १९९६ च्या ऑलिंपिकच्या वेळी अटलांटात त्यांनी प्रदर्शनापेक्षा संवादालाच मध्यभागी ठेवलं. पहिल्या प्रदर्शनानंतर दहा वर्षांनी त्या चार्ल्स्टनला परत गेल्या. एका शहरात दहा वर्षांनी परत जाणं हे क्युरेटरच्या माहितीपत्रकात उठून दिसत नाही, पण माझ्या लेखी ते त्यांचं फार मोठं काम आहे.

पाहुणं म्हणून जायचं की तिथेच राहायचं, हाच प्रश्न आपल्याकडे जवळपास त्याच काळात बस्तरमध्ये उभा राहत होता. मुंबईच्या नवजोत अल्ताफ १९९७ पासून कोंडागावात राहून काम करू लागल्या. राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेस्सूराम विश्वकर्मा हे तिथले कलावंत त्यांचे सहकारी. पहिली काही वर्षं एकमेकांची भाषा आणि एकमेकांचा हात समजून घेण्यात गेली. मग ‘नलपार’ आले, म्हणजे हातपंपाभोवतीची बांधकामं. अशा प्रक्रियेला प्रदर्शनाच्या तारखा लावता येत नाहीत. २०१८ च्या अखेरीला मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नवजोत यांच्या साऱ्या कामाचं प्रदर्शन भरलं. ते मांडलं होतं नॅन्सी अडजानिया या मुंबईच्याच स्वतंत्र क्युरेटरने. त्यांनी त्याआधी वर्षानुवर्षं त्या कामाचा पाठपुरावा केला होता, त्यावर पुस्तक लिहिलं होतं. कलावंत वस्तीत राहते आणि क्युरेटर कलावंताच्या कामाजवळ तितक्याच चिकाटीने राहते. मला ही जोडी शिकागोच्या आठ प्रकल्पांइतकीच मोलाची वाटते.

नलपारची रचना कागदावर फार साधी दिसते. पंपाभोवती बुटकी भिंत, तिच्यावर स्थानिक खुणा, सांडलेलं पाणी वाहून जायला वाट. आणि भिंतीलाच काढलेले, एकाहून एक उंच कट्टे. भरलेला हंडा जमिनीवरून एकदम डोक्यावर घ्यायचा म्हणजे कंबर मोडते, नाहीतर कुणीतरी हात द्यावा लागतो. इथे बाई हंडा आधी खालच्या कट्ट्यावर ठेवते, मग वरच्या. मग जरा वाकते, चुंबळ सारखी करते, आणि हंडा डोक्यावर सरकवून घेते.