मातीत पुरलेल्या लाकडांची साक्ष

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेची इमारत बहुतेकांनी छायाचित्रात किंवा सिनेमात पाहिलेली असते. लाल विटा, कमानींच्या लांबच लांब ओळी आणि समोर अफाट हिरवळ. संस्था १९०६ची, इमारत १९२९ची. इतिहास एवढा पुरे, कारण बागेतल्या बाकाला किंवा अंगणातल्या झोपाळ्याला कोणते लाकूड घ्यावे, याचे उत्तर त्या कमानींखाली नाही. ते आहे संस्थेच्या चाचणीच्या उघड्या जमिनीत. तिथे ६० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर जाड-रुंद असे लाकडाचे ठोकळे निम्मे मातीत गाडून ठेवतात. वर छप्पर नाही, अंगाला पॉलिश नाही. ठराविक काळाने एकेक ठोकळा उपटायचा, वाळवीने किती खाल्ला, बुरशीने किती कुजवला ते पाहायचे आणि पुन्हा जागेवर रोवायचा, तो निकामी होईपर्यंत. जगभर या पद्धतीला ‘ग्रेव्हयार्ड टेस्ट’ म्हणतात. भारतीय मानक ४०१ मधली टिकाऊपणाची वर्गवारी अशाच चाचण्यांवर उभी आहे. सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकले तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिन्यांच्या दरम्यान दुसरा, त्याखाली तिसरा. साग, साल, देवदार पहिल्या वर्गात. आंबा आणि सावर तिसऱ्या. यात घाई चालत नाही. एखादे लाकूड दहा वर्षे टिकते हे कळायला दहा वर्षेच जावी लागतात, आणि या कंटाळवाण्या चाचणीचे मोल मला त्यातच वाटते.

यावर कुणीही म्हणेल की बाक काही मातीत पुरत नाहीत. खरे आहे, पण अर्धेच. बाकाचे पाय ओल्या मातीत किंवा पावसाळाभर न सुकणाऱ्या फरशीवर उभे असतात, म्हणजे त्यांची गत त्या ठोकळ्यासारखीच. बसण्याच्या फळीचे तसे नाही. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून बरीच जास्त ओल लागते. भर श्रावणात मुंबईची हवा कितीही दमट असली, तरी छपराखालचे लाकूड त्या हवेतून सोळा-अठरा टक्क्यांच्या आसपासच ओल घेते आणि तिथे थांबते. म्हणूनच ओटीवरचा झोपाळा पिढ्यान् पिढ्या चालतो आणि त्याच लाकडाचा बाक उघड्यावर काही वर्षांत खिळखिळा होतो. लाकूड नासते ते साचलेल्या पाण्याने. दोन फळ्यांच्या फटीत, सांध्याच्या खाचेत, स्क्रूच्या खड्ड्यात आणि पायाच्या तळाशी पाणी अडून राहते. तळाला लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी पडलेली असतात. आडव्या अंगापेक्षा तिथून पाणी कितीतरी पटीने वेगात वर चढते, आणि नेमका हाच भाग पॉलिश करताना सुटतो, कारण तो कुणाला दिसत नाही.

पॉलिशबद्दल आपल्याकडे फार भाबडेपणा आहे. चकचकीत म्हणजे सुरक्षित, असे गिऱ्हाईक मानते आणि दुकानदार तो समज मोडत नाही. लाखेचे स्पिरिट पॉलिश बाहेर लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. ओल लागली की ते पांढरे पडते. पारदर्शक पीयू किंवा व्हार्निश त्याहून कणखर, पण काचेतून यावे तसे ऊन त्यातून आरपार जाते. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू धरून ठेवणारे लिग्निन तोडतात, मग वरचा थर शाबूत असूनही त्याखालचे लाकूड त्याला सोडून देते. पापुद्रा उचलतो, भेगेतून पाणी आत शिरते आणि त्याच पापुद्र्यामुळे लवकर सुकत नाही. अशा वेळी उरलेला थर लाकडाचा वैरीच ठरतो, आणि पुन्हा पॉलिश करायचे तर आधी सगळे खरवडावे लागते. तेलाचे तसे नसते. ते लाकडात मुरते, पापुद्रा धरत नाही, आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी एक हात फिरवला की भागते. मात्र नुसते कच्चे जवसाचे तेल लावले तर त्यावर काळी बुरशी पोसली जाते. बुरशीनाशक आणि थोडा रंगकण असलेले तेल घ्यावे. ऊन अडवतो तो रंगकणच. आणि काहीच लावले नाही तर? चांगला साग राखाडी होतो, वरवर खडबडीत होतो, पण आतून ठणठणीत राहतो. तो राखाडी रंग म्हणजे कुजणे नव्हे. ज्याला तो चालतो, त्याने पॉलिशचा खर्च वाचवून जाड पाय घ्यावेत.

पण साग म्हणजे सगळा साग नव्हे. पहिला वर्ग मिळाला आहे तो गाभ्याच्या तपकिरी लाकडाला. कडेचा फिकट पांढरा भाग त्याच झाडाचा असूनही वाळवीला आणि भुंग्याला सहज बळी पडतो. त्यातही गंमत अशी की गाभ्यात कीड-बुरशी रोखणारे औषध जवळपास शिरतच नाही आणि आंब्याचे लाकूड ते घटाघटा पिते. ज्याला गरज नाही ते घेत नाही, ज्याला आहे ते घेते. या सोयीचा पुरेपूर फायदा याच संस्थेतल्या सोंटी कामेसन यांनी घेतला. १९३३ मध्ये त्यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम दोघांना लाकडात असे जखडते की पावसाने ते सहजी धुऊन जात नाही. ‘अॅस्क्यू’ या नावाने ते जगभर गेले. खांब, कुंपणे, स्लीपर आणि पुढे अमेरिकेत घरामागच्या लाकडी कट्ट्यांपर्यंत स्वस्त लाकडाला याने आयुष्य दिले. डेहराडूनचा हा शोध आपल्याकडे शाळेतही सांगत नाहीत, याचे मला नवल वाटते.

तरी तो बाकासाठी मी सुचवणार नाही. थोडे का होईना, आर्सेनिक झिरपते, आणि मुले तिथे बसतात, हात तोंडात घालतात. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरासाठी त्याचे उत्पादन थांबले. युरोपनेही निर्बंध घातले. आर्सेनिक वगळून बोरॉन घातलेले मिश्रण आले, पण बोरॉन पावसात वाहून जाते. म्हणजे औषधाची वाट अडचणीची, आणि उरला साग, त्याचीही वाट सोपी नाही. आलापल्लीच्या जंगलातले जुने झाड आता वखारीत क्वचित येते. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतला लागवडीचा साग आणि आपल्या शेतकऱ्यांनी बांधावर वाढवलेला साग, दोन्ही बहुधा पंधरा-वीस वर्षांत तोडले जातात. अशा ओंडक्यात गाभा थोडा, पांढरे जास्त, आणि असलेला गाभाही जुन्या झाडाइतका तेलकट नसतो. ‘सागवानी’ ही पाटी खोटी नसते, तरी तिच्यावर दहा वर्षांची हमी देता येत नाही. लागवडीचा साग घेऊच नये असा याचा अर्थ नाही. तो घेतला नाही तर जुन्या जंगलावरच भार पडेल. फक्त तो निवडून घ्यावा लागतो, आणि निवड करायला लाकूड उघडे दिसावे लागते. गडद रंग चढवलेल्या बाकात गाभा कुठे संपला हे सुतारालाही सांगता येणार नाही.

म्हणून बाक घेताना तो रंग चढवण्यापूर्वी दाखवा असे सांगा, आणि उलटा करून पाहा. चारही पायांचे तळ तपकिरी आहेत का, फळ्यांत बोट जाईल एवढी फट आहे का, बसण्याची जागा पाणी ओघळेल इतकी उतरती आहे का, हे तपासा. मग पायांच्या तळाला इपॉक्सी किंवा जाड रंगाचे दोन हात द्यायला सांगा आणि खाली रबराचे किंवा पितळेचे बूड बसवून घ्या. दुकानदार कुरकुर करेल, तरी हे काम पॉलिशपेक्षा स्वस्तात होते.