अनुभवाची जमा : परदेशातील अनुभवाला विद्यापीठे श्रेयांक कशी देतात?

बुद्धगयेच्या यात्रेला गेलेल्या आपल्यापैकी अनेक उपासक-उपासिकांनी तेथे तरुण परदेशी विद्यार्थी पाहिले असतील. अमेरिकेतील अँटिऑक कॉलेजने १९७९ साली बौद्ध अध्ययनाचा एक अभ्यासक्रम बुद्धगयेत सुरू केला. पुढे तो त्याच देशातील कार्लटन कॉलेजकडे गेला. विद्यार्थी काही महिने बर्मी विहारात राहत, पंचशील पाळत, निरनिराळ्या परंपरांच्या आचार्यांकडून ध्यान शिकत, इतिहास व तत्त्वज्ञान अभ्यासत आणि शेवटी स्वतः निवडलेल्या विषयावर संशोधन करीत. मायदेशी परतल्यावर हे शिक्षण त्यांच्या पदवीत श्रेयांक म्हणून, म्हणजेच क्रेडिट म्हणून, धरले जाई.

येथे सहज शंका येते. विहारात राहिल्याबद्दल आणि ध्यानाला बसल्याबद्दल पदवीचे श्रेयांक मिळतात काय? हे समजून घेणे आपल्या विद्यार्थ्यांच्या हिताचे आहे.

या पद्धतीचे मुख्य तत्त्व एका वाक्यात सांगता येते. श्रेयांक अनुभवाला मिळत नाहीत, अनुभवातून जे शिकले त्याला मिळतात. दोन विद्यार्थी एकाच विहारात तीन महिने राहिले, तरी एकाला भिक्खुसंघ आणि गाव यांचा संबंध उमगतो, तर दुसऱ्याजवळ फक्त छायाचित्रे उरतात. दिवस सारखे, शिक्षण मात्र वेगळे. कोणाचे मन किती शांत झाले हे कोणताही परीक्षक मोजू शकत नाही. विद्यार्थ्याने काय पाहिले, त्याचा अर्थ कसा लावला आणि तो ग्रंथांतील ज्ञानाशी कसा जोडला, हे मात्र त्याच्या रोजनिशीवरून, निबंधावरून आणि तोंडी परीक्षेवरून नक्की कळते.

नोकरीत किंवा समाजकार्यात मिळालेल्या ज्ञानासाठीही अमेरिकेत अशी सोय आहे. १९७४ पासून तेथे या मूल्यमापनाचे नियम पद्धतशीरपणे बसविण्यात आले. उमेदवाराने प्रथम आपण काय शिकलो ते ओळखायचे, मग ते अभ्यासक्रमाच्या भाषेत मांडायचे आणि त्याला पुरावे जोडायचे. कामाचे नमुने, वरिष्ठांची पत्रे, प्रशिक्षणाचे दाखले या सर्वांची एक फाईल होते. त्या विषयाचे प्राध्यापक ती तपासतात आणि किती श्रेयांक द्यायचे ते ठरवतात. आमच्या बँकेत क्रेडिट म्हणजे जमा, आणि व्हाउचरशिवाय खात्यात एक पैसाही जमा होत नाही. हाच न्याय येथेही लागू आहे.

अनुभवाचे ज्ञान कसे होते याचे उत्तम उदाहरण आपल्या घरचेच आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते. अस्पृश्यतेचे चटके त्यांनी लहानपणापासून सोसले होते. पण त्या निबंधात त्यांनी आपल्या अपमानांची यादी दिली नाही. जातीतच लग्न करण्याचे बंधन हे जातीचे मूळ आहे, असा सिद्धांत त्यांनी पुराव्यांसह मांडला. दुःख लाखोंनी भोगले होते, बाबासाहेबांनी त्याचे शास्त्र केले.

शिक्षणाची दारे ज्यांना बंद होती त्यांच्यासाठी ही पद्धत किती मोलाची आहे, हे दक्षिण आफ्रिकेत दिसते. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने तेथील काळ्या मुलांना मुद्दाम कमी प्रतीचे शिक्षण दिले गेले. वर्णद्वेषी राजवट गेल्यानंतर १९९५ च्या कायद्याने देशाची पात्रता-चौकट उभी राहिली, आणि कामावर मिळविलेल्या ज्ञानाला मान्यता देणे हा जुन्या अन्यायाच्या परिमार्जनाचा एक मार्ग मानला गेला.

आपल्याकडे २०२१ मध्ये श्रेयांक साठविणारी शैक्षणिक बँक आली, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला. त्यात तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक आणि वर्षाला चाळीस श्रेयांक असा हिशेब आहे. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही त्यात स्थान आहे. मात्र कोणत्या विषयात किती श्रेयांक मान्य होतील, हे ज्या त्या संस्थेला विचारूनच घ्यावे लागते.

आमच्या वस्तीतील एक गृहस्थ आखाती देशात नऊ वर्षे वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती करून परतले. यंत्राचा आवाज ऐकून ते बिघाड सांगतात. पुढे शिकावे म्हणून ते एका संस्थेत गेले, तेव्हा त्यांच्याजवळ पासपोर्टावरील शिक्क्यांखेरीज दाखवायला काहीच नव्हते. नऊ वर्षांचे ज्ञान खिडकीवरूनच परत आले.

म्हणून विद्यार्थीमित्रांनो आणि परदेशी जाणाऱ्या बांधवांनो, निघण्यापूर्वीच संस्थेला लेखी विचारा. तेथे रोज दहा ओळी लिहा : आज काय केले, काय चुकले, त्यातून काय कळले. परतण्यापूर्वी कामाचे स्वरूप नमूद केलेले पत्र मागून घ्या. तथागतांनी धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले, म्हणजे या आणि स्वतः पडताळून पाहा. आपले ज्ञानही दुसऱ्याला पडताळून पाहता येईल असे ठेवू या. आपल्या समाजाजवळ अनुभवाची कमतरता कधीच नव्हती. त्याची नोंद ठेवण्याची सवय आता लावून घेतली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!