मेंबरशिप, पण चर्चची!

जिमची मेंबरशिप आपण जानेवारीत घेतो आणि फेब्रुवारीत विसरतो. चर्चची मेंबरशिप म्हटलं की मात्र माझे मुंबईतले दोस्त हसतात. ‘दर रविवारी जातेस ना? मग फॉर्म कशाला?’

प्रश्न रास्त आहे. मुंबईत मी जवळ पडेल त्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचे आणि शेवटचं गीत संपलं की सटकायचे. बँकेनं बीडला पाठवलं आणि ही सोय संपली. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार, त्यात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी. इथे नवा चेहरा लपतो कुठे? दुसऱ्याच रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, ‘ताई, आधीच्या मंडळीचा दाखला आणलाय का?’

दाखला म्हणजे सभासदत्वाचं पत्र. बाप्तिस्मा कधी झाला, दृढीकरण कधी, आधीची मंडळी कुठली, हे सगळं त्यात. तो दिला की वहीत नाव चढतं, वर्गणी सुरू होते, वार्षिक सभेत मत मिळतं. पगारातून आणखी एक कपात, एवढंच मला तेव्हा दिसलं.

वही खरी कळली ती दिवाळीनंतर. इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ती चार-सहा महिन्यांनी परततात. आमचे बाक निम्मे रिकामे! नुसती हजेरी मोजली असती तर ही माणसं हिशेबातूनच गेली असती. पण वहीत नावं असतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे कोण जाऊन आलं, हे पंच नाव घेऊन विचारतात. ‘बघेल कुणीतरी’ चालत नाही. माझ्या वाट्याला एक आजी आल्या. त्यांचं दुखणं गुडघ्याचं, पण चौकशी सगळी पासबुकाची. (बँकवाली हाताशी असली की असंच होतं.)

वहीत नाव कशाला, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला एक मोठा माणूस आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. पुढे 1917 मध्ये टिळक मिशनमधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्तभक्तांना तो खुला होता. मला ते मनापासून आवडतं. पण टिळक कुठेही गेले तरी टिळकच. दूरच्या फडावर कोयता चालवणाऱ्या बाईची आठवण राहायला कुणाकडे तरी यादी लागते.

आमची सभाही तोडीवरची माणसं परतल्यावरच, एप्रिलमध्ये भरली. शिल्लक पैशातून चर्चचं गळकं छप्पर दुरुस्त करायचं, की तोडीमुळे शाळा बुडालेल्या मुलांची शिकवणी सुरू करायची? मी पहिल्यांदाच हात वर केला, शिकवणीसाठी. छप्पर दोन मतांनी जिंकलं. शिल्लक काही पुरेना, म्हणून आता दर शनिवारी छपराची वर्गणी गोळा करत दारोदार फिरतेय ती मीच.