मातीच्या मूर्तीतून जमिनीकडे : लुसांगाच्या मळेमजुरांचा धडा

कला कलेसाठी की जीवनासाठी, हा वाद मराठी साहित्यिकांनी वर्षानुवर्षे चघळला. कलेच्या पैशातून जमीन कोणाच्या हाती येते, हा प्रश्न मात्र त्या वादात आला नाही. येणार तरी कसा? ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या सातबारा आहे, त्यांना तो पडतच नाही. आफ्रिकेतील काँगो देशात लुसांगा येथील मळेमजुरांना तो पडला आणि त्यांनी कृतीने त्याचे उत्तर शोधले.

गोऱ्यांनी या गावाला लेव्हरव्हिल हे नाव दिले होते. विल्यम लीव्हर या इंग्रज साबण कारखानदाराला बेल्जियम सरकारने 1911 मध्ये काँगोत 7,50,000 हेक्टरपर्यंत जमिनीवर हक्क देऊ केले. जंगल गेले, पामतेलाचे मळे आले. ज्यांचे जंगल, तेच त्यात मजूर झाले, तेही बळजबरीने. याच लीव्हरचा सनलाइट साबण 1888 पासून हिंदुस्थानात विकला जात होता आणि 1934 मध्ये मुंबईत शिवडीला कंपनीचा कारखाना उभा राहिला. साबणाच्या पैशातून लीव्हरने 1922 मध्ये इंग्लंडात पत्नीच्या नावे कलादालन उघडले. पुढे युनिलिव्हर झालेल्या या कंपनीने 2000 ते 2012 पर्यंत लंडनच्या टेट मॉडर्नमधील भव्य प्रदर्शनांना पैसा पुरवला. घाम काँगोचा, संस्कृती लंडनची! शोषकाला कलेचे वावडे कधीच नसते.

एकाच पिकाने जमीन निकस झाली, कंपनी निघून गेली आणि माणसे तिथेच राहिली. 2014 मध्ये या मजुरांनी कलावंतांचा संघ काढला. ते नदीकाठच्या मातीच्या मूर्ती घडवतात. त्यांची संगणकीय प्रतिमा अॅमस्टरडॅमला जाते आणि तिथे कोको व पाम चरबीत त्यांच्या प्रती ओतल्या जातात. मळ्यात पिकवलेला मालच मूर्ती होऊन विकला जातो. त्या विक्रीतून संघाने सुमारे 200 हेक्टर मळ्याची जमीन परत मिळवली. तिथे आता खाण्याची पिके आणि जंगलाची झाडे एकत्र वाढवली जात आहेत. पर्यावरणाच्या नावाने गरिबाला जंगलातून हुसकावणारे आपल्याकडेही कमी नाहीत. इथे जंगल लावणारा तोच, राखणाराही तोच.

या कामाला चालना देणारा रेन्झो मार्टेन्स हा डच कलावंत. साहजिकच शंका येते, हा नवा हरिजन सेवक संघ तर नव्हे? त्या संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान नाही, हा बाबासाहेबांचा आक्षेप आम्ही विसरलेलो नाही. लुसांगाच्या संघाचे संस्थापक अध्यक्ष मात्र रेने न्गोंगो हे काँगोचेच पर्यावरण कार्यकर्ते. तरीही युरोपात अनेक वर्षे गाजले ते मार्टेन्सचेच नाव. सहकार्यातही उतरंड असते. ती मोडली का, एवढे तपासत राहिले पाहिजे.

1931 मध्ये पेंडे लोकांनी या जुलमाविरुद्ध बंड केले. त्यात बालो हा बेल्जियन अधिकारी मारला गेला. नंतरच्या दडपशाहीत शेकडो पेंडे मेले. बालोच्या आत्म्याला जखडून ठेवण्यासाठी कोरलेली लाकडी मूर्ती पुढे अमेरिकेतल्या रिचमंडच्या संग्रहालयात गेली. संघाने ती मागितली, बराच झगडा केला, आणि 2024 मध्ये ती लुसांगात आली. पण उसनी! त्याच वर्षी व्हेनिसच्या कलामेळ्यात नेदरलँड्सच्या दालनात संघाची शिल्पे मांडली गेली. आपल्याच पूर्वजांनी घडवलेली वस्तू मुदतीच्या बोलीवर पाहायला मिळावी, याला कोणता न्याय म्हणायचे?

एक कायद्याची बाब. काँगोत 1973 पासून जमिनीची मालकी राज्याची आहे, माणसाला मिळतो तो वापराचा हक्क. बाबासाहेबांनीही 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी असे मांडले होते. मात्र तिथे गावकऱ्यांनी जातभेदाशिवाय सामुदायिक शेती करावी आणि भूमिहीन कोणी उरू नये, ही अट होती. ही अट गळाली की सरकारी मालकी कंपन्यांच्या पथ्यावर पडते. आपल्या गायरानांचे वेगळे काय झाले? 14 एप्रिल 1990 पूर्वीची भूमिहीनांची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 चा आहे. तरी आजही कितीतरी घरे वहिवाटीच्या पुराव्यांची पिशवी घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत आहेत.

सामूहिक कला आपल्याला नवी नाही. भीमराव कर्डकांचे जलसे ही सामूहिक कलाच होती. पण भीमगीतांच्या कॅसेट लाखांनी खपल्या तेव्हा पैसा गेला कंपन्यांच्या तिजोरीत आणि कित्येक शाहीर पत्र्याच्या खोलीत गेले. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार व संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. गाणारा-वाजवणाराही रॉयल्टीला पात्र आहे. कलापथकांनी आधी आपली संस्था नोंदवावी. मानधन आणि रॉयल्टी संस्थेच्या खात्यात यावी, आणि ध्वनिमुद्रणाच्या कागदावर एकट्यादुकट्याने सही करू नये. जुन्या करारांच्या नकलाही शोधून ठेवाव्यात. शाहिरांच्या वारसांना त्यांची गरज पडणार आहे.