बूटस्ट्रॅप: जोडणी सोपी, गोम सासमध्ये

ट्विटरमधल्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांनी घडवलेली बूटस्ट्रॅप ही कंपोनंट लायब्ररी ऑगस्ट २०११मध्ये सर्वांसाठी खुली झाली. बटणं, फॉर्म, मेनू असं बरंच काही तिच्यात तयार मिळतं. छोट्या पानाचं सीडीएनवरच्या एका सीएसएस आणि एका जावास्क्रिप्ट फाइलवर भागतं. जावास्क्रिप्टची ‘बंडल’ फाइलच घ्यावी. ड्रॉपडाउनला लागणारं पॉपर तिच्यातच असतं. २०२१च्या पाचव्या आवृत्तीने जेक्वेरीची गरज संपवली, हे बरंच झालं.

मोठ्या प्रकल्पात मात्र एनपीएमने पॅकेज घेऊन सासमधून बांधणी करावी. खरी गोम इथे आहे. मुख्य रंगाचं व्हेरिएबल बूटस्ट्रॅप इम्पोर्ट करणाऱ्या ओळीच्या आधी लिहावं लागतं, कारण लायब्ररीतली मूल्यं आधी काही ठरलेलं नसेल तरच लागू होतात. व्हेरिएबलची ओळ इम्पोर्टच्या खाली गेली की बटण निळंच राहतं आणि एररही दिसत नाही.

मांडणी बारा रकान्यांची. ‘एमडी’ लावलेले रकाने ७६८ पिक्सेलपासून शेजारी-शेजारी बसतात, त्याखाली एकाखाली एक. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग राहिला, तर मोबाइल पान डेस्कटॉपच्या रुंदीचं समजून सगळंच बारीक दाखवतो.